फरशांवर उभे राहिलेले कड्यावरचे गाव : व्हिएत्री सुल मारे

इटलीच्या दक्षिणेस, सालेर्नोच्या आखाताला लागून अमाल्फीचा जो प्रसिद्ध किनारा पसरला आहे, त्याच्या पूर्वेकडील टोकाला व्हिएत्री सुल मारे हे गाव आहे. जुने गाव पाण्याच्या बरेच वर, कड्याच्या माथ्यावर दाटीवाटीने बसलेले असून वाळूचा पट्टा, होड्या आणि मरिना नावाची किनाऱ्यावरची वस्ती तेवढी खाली, ओढ्याच्या मुखाशी आहे. या गावाचा चरितार्थ कित्येक पिढ्या मातीची भांडी आणि रंगीत फरशा यांवर चालत आला आहे. त्यामुळे दुकानांच्या दर्शनी भिंती, घरांचे क्रमांक, बसायचे बाक, पायऱ्यांचे उभे भाग आणि वळणावरच्या छोट्या देवळ्या अशा सर्व ठिकाणी झिलईदार फरशा बसवलेल्या दिसतात. या सगळ्या पसाऱ्यातल्या एकाच प्रकाराविषयी मला लिहायचे आहे. तो प्रकार म्हणजे सहा, बारा, वीस किंवा त्याहून अधिक फरशा एकत्र जुळवून रंगवलेले कड्यावरच्या गावाचे चित्र.

ही चित्रे ज्याने पाहिली आहेत, त्याला त्यांतला मजकूर पाठ असतो. वर निळे आकाश, मध्ये एकावर एक रचलेली पांढरी, पिवळी, गुलाबीसर घरे, त्यांच्यामध्ये चर्चचा रंगीत घुमट, एका बाजूला जुना टेहळणी बुरूज, खाली समुद्र, दोन-चार होड्या आणि चौफेर लिंबांच्या फांद्यांची किनार. गाव व्हिएत्री असेल, पोझितानो असेल किंवा अमाल्फी असेल. साचा फारसा बदलत नाही. माझा धाकटा दीर वास्तुविशारद आहे. मी आणलेले चित्र पाहून तो म्हणाला, “वहिनी, हे शेवटी पोस्टकार्डच आहे, फक्त जड आणि चकचकीत.” त्याचे म्हणणे मला अन्यायाचे वाटले. विषय पोस्टकार्डाचा आहे हे खरे. परंतु कागदावर छापलेल्या दृश्यात आणि भट्टीतून निघालेल्या दृश्यात जो फरक असतो, तो चित्र कसे तयार होते हे पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. त्या गावातल्या एका छोट्या कार्यशाळेत मला ते निवांतपणे पाहता आले.

चिकणमातीची फरशी प्रथम सुमारे हजार अंश सेल्सिअसला भाजून घेतात. ही एकदा भाजलेली, विटकरी रंगाची, सच्छिद्र फरशी मग पातळ पांढऱ्या झिलईत बुडवतात किंवा तिच्यावर ती झिलई ओततात. परंपरेने या झिलईत कथिलाचे ऑक्साइड असते आणि त्यामुळेच ती भाजल्यावर पारदर्शक न होता दुधासारखी पांढरी व अपारदर्शक होते, मातीचा लाल रंग पूर्ण झाकून टाकते. भूमध्य समुद्राभोवतीच्या साऱ्या माजोलिका कामाचा, म्हणजे अशा पांढऱ्या झिलईवर रंगवून भाजलेल्या मातीकामाचा, पाया हाच आहे. ही झिलई फरशीवर ओतल्याबरोबर माती तिच्यातले पाणी शोषून घेते आणि वर खडूसारखा कोरडा, बोट लावले तर पुसला जाईल असा थर उरतो. चित्रकाराला काम करायचे असते ते या भुरभुरीत थरावर.

मूळ रेखाटन कागदावर केलेले असते आणि त्याच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडलेली असतात. शेजारी शेजारी मांडलेल्या फरशांवर तो कागद ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलक्या हाताने थोपटली, की पांढऱ्या थरावर काळ्या ठिपक्यांची रेघ उमटते. आपल्याकडे रांगोळीसाठी छिद्रे पाडलेला कागद वापरतात, तशीच ही युक्ती आहे. कोळसा पुढे भट्टीत जळून जातो, त्यामुळे त्याची खूण राहत नाही. परंतु त्या ठिपक्यांवरून कुंचला एकदा फिरला की फिरला. कोरडी झिलई रंगातले पाणी क्षणात पिऊन टाकते. रेघ खोडता येत नाही, त्यावर पुन्हा पुन्हा कुंचला घासला तर खालचा थर उखडतो. म्हणून या चित्रांतल्या रेषा जलद असतात. खिडकी म्हणजे कुंचल्याचा एक आडवा-उभा टेक, कमान म्हणजे मनगटाचा एक झोल, लाट म्हणजे एका दमात ओढलेली वळणदार रेघ. पुष्कळांना जो भाबडेपणा वाटतो, त्याचे मूळ मला या शोषणाऱ्या पृष्ठभागात दिसते. रेंगाळण्याची मुभाच तिथे नसते.

दुसरी अट आगीची. रंग म्हणजे इथे धातूंची संयुगे, आणि दुसऱ्या भाजणीतली नऊशे अंशांच्या वरची उष्णता सोसून जी टिकतात तीच उपयोगाची. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, मँगनीजपासून जांभळट तपकिरी, अँटिमनी आणि शिशापासून पिवळा, लोहापासून गंजासारखा तांबूस: जुन्या कारागिराची पेटी एवढीच होती. आता तयार रंगांमुळे तिच्यात भर पडली असली, तरी तिची सवय चित्रांतून गेलेली नाही. निखळ, झगझगीत लाल रंग या उष्णतेत टिकवणे जुन्या पद्धतीने फार अवघड, त्यामुळे या किनाऱ्यावर प्रत्यक्षात भिंतीभिंतींवर पसरलेली बोगनवेल जुन्या वळणाच्या चित्रांत मँगनीजच्या मळकट जांभळ्यावर भागवून घेते. निळा मात्र मनमुराद. समुद्र, आकाश, सावल्या, घरांच्या कडा, होड्यांच्या रेघा हे सगळे कोबाल्टच्या वेगवेगळ्या पातळपणातून निघते. कार्यशाळेत रंगवत असताना ही चित्रे फिकट आणि मळकी दिसतात, कारण कच्च्या रंगाचा आणि भाजलेल्या रंगाचा फारसा संबंध नसतो. समुद्र कोणत्या छटेचा होणार, हे चित्रकाराला समोर दिसत नसताना माहीत असावे लागते.

आता सांध्यांकडे वळते, कारण फरशीचे चित्र ओळखायचे ते तिथे. व्हिएत्रीत पुष्कळदा वीस सेंटिमीटर बाजूची चौरस फरशी वापरतात, म्हणजे मीटरभर रुंदीच्या दृश्यावर उभ्या-आडव्या सांध्यांचे जाळे आपोआप पडते. रंगवताना सर्व फरशा एकत्र मांडलेल्या असतात आणि रेघ एका फरशीवरून दुसरीवर सरळ जाते. नंतर त्या सुट्या करून, पाठीमागे क्रमांक घालून, भट्टीत वेगवेगळ्या जागी ठेवल्या जातात. भट्टीत सगळीकडे उष्णता अगदी सारखी नसते. एखादी फरशी थोडी अधिक तापते, तिच्यातला निळा किंचित वाहतो. शेजारची थोडी फिकी राहते. म्हणून मोठ्या चित्रातला समुद्र नीट निरखला तर तो चौकोनाचौकोनाने बदलताना दिसतो. क्षितिजाची रेघ कुशल कारागीर बहुधा सांध्यावरच आणून ठेवतो, कारण तिथे दोन छटांचा फरक खपून जातो. घुमट मात्र शक्यतो एका फरशीच्या पोटात बसवतो. माझ्याकडच्या चित्रात घुमटाच्या मधूनच सांधा गेला आहे आणि डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा हिरवट आहे. मला तो दोष आवडतो, पण दोष आहे हे मान्य केले पाहिजे.

कड्यावरचे गाव फरशांना इतके का मानवते, याचा मी बराच विचार केला. सपाट प्रदेशातल्या गावाचे चित्र काढायचे तर पुढचे घर मोठे, मागचे लहान, रस्ता दूर निमुळता होत गेलेला असा खोलीचा हिशेब सांभाळावा लागतो, आणि झिलईच्या चकाकत्या पृष्ठभागावर खोलीचा भास फार टिकत नाही. उजेड पडला की भिंत भिंतच दिसते. पोझितानो किंवा व्हिएत्रीसारख्या गावात निसर्गानेच ती अडचण दूर केलेली आहे. तिथे मागचे घर हे वरचे घर असते. एका घराची गच्ची वरच्या घराच्या दाराशी येते, त्याची गच्ची त्याच्या वरच्याच्या, आणि पायऱ्यांचे नागमोडी पट्टे या सगळ्यांना शिवत वर जातात. जागा मुळातच उभ्या पाटीसारखी असल्यामुळे ती भिंतीवर उतरवताना काही गमवावे लागत नाही.

शिवाय हे चित्र नेहमी समुद्रावरून पाहिलेले असते. गावात राहणाऱ्या माणसाला आपले गाव असे कधीच दिसत नाही. त्याला दिसतात पायऱ्या, शेजाऱ्याचे कठडे आणि खालचे पाणी. संपूर्ण गाव एका नजरेत मावते ते होडीत बसलेल्यालाच. व्हिएत्रीच्या दृश्यांत खालच्या बाजूला पाण्यात दोन सुळके हमखास असतात. मरिनासमोरच्या या खडकांना तिथे ‘दोन भाऊ’ म्हणतात. ते चित्रात कुठे आहेत यावरून पाहणाऱ्याची होडी कुठे असावी हेसुद्धा अदमासाने सांगता येते. पर्यटकांसाठी घाईने केलेल्या चित्रांत हे दोघे भाऊ जागा भरण्यासाठी हवे तिकडे सरकवलेले असतात.

घुमटाचा उल्लेख मी वारंवार करते आहे, त्याला कारण आहे. व्हिएत्रीच्या सान जोव्हान्नी बात्तिस्ता चर्चचा घुमट हिरव्या, निळ्या, पिवळ्या झिलईदार फरशांनी मढवलेला आहे, आणि पोझितानोच्या सांता मारिया आस्सुंता चर्चचाही घुमट असाच रंगीत फरशांचा आहे. या फरशांमुळे पाऊस घुमटात मुरत नाही आणि खारा वारा शतकानुशतके सोसूनही रंग उडत नाही. म्हणजे चित्रकार जेव्हा फरशीवर घुमट रंगवतो, तेव्हा त्या एका जागी तरी तो ज्या वस्तूचे चित्र काढतो आहे तिच्याच साहित्याने काढतो आहे. तोच तांब्याचा हिरवा, तोच पिवळा, तसलीच भट्टी. फोटोतल्या घुमटापेक्षा फरशीवरचा घुमट मला नेहमी अधिक खरा वाटतो, तो यामुळे.

फरशांवर निसर्गदृश्य रंगवण्याची या भागातली परंपरा जुनी आहे. नेपल्समधल्या सांता क्यारा मठाच्या अंगणात दोमेनिको आंतोनियो व्हाक्कारो याने आखलेले आणि मास्सा घराण्यातल्या कारागिरांनी १७३९ ते १७४२ या काळात पूर्ण केलेले खांब आणि बाक आजही पाहता येतात. खांबांवर वेली आणि बाकांच्या पाठींवर शेतीची, शिकारीची, बंदरांची, मासेमारीची दृश्ये आहेत. बाहेरच्या जगापासून दूर राहण्याचे व्रत घेतलेल्या जोगिणींच्या डोळ्यांसमोर बाहेरचे जग असे फरशांतून मांडलेले होते. काप्री बेटावर आनाकाप्री येथील सान मिकेले चर्चची तर संपूर्ण जमीनच १७६१ साली लेओनार्दो क्याइएझे याने रंगवलेल्या एका चित्राची आहे: आदम आणि इव्ह यांची स्वर्गोद्यानातून हकालपट्टी. तिच्यावर पाय पडू नये म्हणून पाहणाऱ्यांना कडेच्या फळ्यांवरून चालावे लागते.

परंतु आज दुकानांतून जी शैली ‘व्हिएत्रीची अस्सल लोककला’ म्हणून विकली जाते, तिचा बराचसा भाग इतका जुना नाही, आणि मला या साऱ्या विषयात सर्वांत रंजक वाटलेली गोष्ट हीच आहे. १९२०च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत उत्तरेकडून, मुख्यतः जर्मन भाषिक प्रदेशांतून, कलावंतांचा एक गट या गावात येऊन राहिला. त्यांच्या वास्तव्याचा काळ तिथे ‘जर्मन काळ’ म्हणूनच ओळखला जातो. माक्स मेलामेर्सन याने मरिनाजवळ कारखाना काढला. रिखार्ड ड्योल्कर याने गावातले रोजचे जीवन, म्हणजे कोळी, डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया, बकऱ्या आणि गाढवे, काही मोजक्या रेषांत आणि मुद्दाम बालसुलभ ठेवलेल्या आकारांत पकडले. त्याचे छोटे गाढव पुढे गावाचे बोधचिन्हच होऊन बसले; आज व्हिएत्रीत ते इतक्या ठिकाणी दिसते की ते कुणा परदेशी माणसाने आणले असेल अशी शंकाही येत नाही. वॉर्सात जन्मलेली आणि व्हिएन्नात शिकलेली इरेने कोवालिस्का १९३१ साली आली. तिच्या फरशांवरची माणसे किंचित लांबट, शांत आणि पांढऱ्या मोकळ्या जागेत एकेकटी उभी असतात. स्थानिक कारागिरांनी हे सगळे पाहिले, आपल्या हाताला जमवून घेतले, आणि ग्विदो गाम्बोनेसारखे इटालियन कलावंत त्यातून पुढे स्वतःच्या वाटेने गेले.

या हकिगतीमुळे चित्रांची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. उलट समुद्रावरून दिसणारे गाव ही जशी बाहेरच्याची नजर आहे, तशीच ही रेषासुद्धा बाहेरच्याची आहे; पण माती, भट्टी, रंगांचे ज्ञान आणि दिवसभर कुंचला चालवणारा हात गावचा आहे. राइतो या शेजारच्या वस्तीत, व्हिला ग्वारीलियाच्या आवारात प्रांताचे मातीकामाचे संग्रहालय आहे. तिथे धार्मिक फरशा, घरगुती भांडी आणि जर्मन काळातली कामे वेगवेगळ्या विभागांत लावलेली आहेत. आधी हे संग्रहालय पाहावे आणि मग बाजारात जावे, असा माझा आग्रह राहील. संग्रहालयातल्या जुन्या तुकड्यांत पांढरी जागा किती मोकळी सोडलेली आहे हे डोळ्यांत भरले, की दुकानांतल्या चित्रांतली गर्दी खटकू लागते. प्रत्येक सेंटिमीटरवर लिंबू, फूल किंवा खिडकी हवीच, हा अलीकडचा हट्ट आहे.

चित्रात काय नसते, हेही पाहण्यासारखे आहे. कड्याला खिळून वळसे घेत जाणारा, एकोणिसाव्या शतकात बांधला गेलेला किनारी रस्ता आणि त्यावरच्या बसगाड्या क्वचितच दिसतात. रेल्वेही नसते. आणि अर्थातच १९५४च्या ऑक्टोबरची खूण कुठेही नसते. त्या महिन्यात २५ आणि २६ तारखेच्या रात्री सालेर्नो, व्हिएत्री आणि आसपासच्या गावांवर अतिवृष्टी झाली, डोंगर सुटले, ओढ्यांतून चिखल आणि दगड खाली आले आणि तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. खडी चढण, अरुंद ओढे आणि उतारावर रचलेली घरे ज्यामुळे चित्रात इतकी सुरेख दिसतात, त्याच रचनेमुळे पाणी असे कोसळते. सजावटीच्या फरशीने हे सांगावे अशी अपेक्षा नाही. मात्र चित्रातल्या त्या गोंडस ओढ्याकडे पाहताना मला ते आठवते, एवढेच.

त्याच सुमारास गावात एक विलक्षण इमारतही उभी राहिली. सोलिमेने कुटुंबाच्या मातीकामाच्या कारखान्यासाठी पाओलो सोलेरी या तरुण वास्तुविशारदाने १९५०च्या दशकात ती रचली; पुढे हाच सोलेरी अमेरिकेतल्या ॲरिझोनात आर्कोसांती हे प्रायोगिक नगर वसवणारा म्हणून ओळखला गेला. कारखान्याची दर्शनी भिंत म्हणजे हिरव्या आणि मातकट रंगांच्या हजारो मातीच्या भांड्यांची बाहेर आलेली बुडे आहेत. माझ्या दिराला व्हिएत्रीबद्दल जर कशाचे कौतुक असेल तर ते याचेच.

आपल्याकडे या कलेची भावंडे पाहायची असतील तर गोव्यात जावे लागते, मात्र ती पोर्तुगालच्या बाजूने आलेली आहेत. पणजीत मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात झोर्झ कोलासो याने रंगवलेल्या निळ्या फरशांची चित्रे आहेत, त्यांचा विषय पोर्तुगीज कवी कामोंइश याचे महाकाव्य. पोर्तो शहरातल्या सांव बेंतु रेल्वेस्थानकाच्या भव्य फरशाही याच कोलासोच्या. तिथली चित्रे इतिहास सांगतात, त्यांत खोली आहे, छायाप्रकाश आहे, घोडे आणि गलबते आहेत. व्हिएत्रीच्या दृश्यांचा हलका, उघडा हात त्यांत नाही. पण जवळ जाऊन सांधे न्याहाळले तर एका फरशीवरून दुसरीवर जाताना निळा रंग तसाच थबकलेला दिसतो.

ज्यांना असे चित्र घरी आणायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. हाताने रंगवलेले आणि छापील चित्र चिकटवून भाजलेले, असे दोन्ही प्रकार एकाच दुकानात शेजारी असतात. हातकामात रेघेची सुरुवात गडद आणि शेवट फिका असतो, दोन सारख्या लिंबांची पाने कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि तिरप्या उजेडात धरल्यास रंगाचा किंचित चढउतार दिसतो. छापील चित्रात भिंगाखाली बारीक ठिपके सापडतात आणि किनारीचा नक्षीदार तुकडा चारही कोपऱ्यांत अगदी एकसारखा असतो. पाठीमागचे क्रमांक पुसू देऊ नयेत, आणि गवंड्याला बोलावण्यापूर्वी सगळ्या फरशा जमिनीवर कोरड्याच मांडून त्यांचा फोटो काढून ठेवावा.

जागा निवडताना मात्र आपल्या हवामानाचा विचार करावा. झिलईचा पृष्ठभाग पावसाला भीत नाही, पण तिच्या मागची माती सच्छिद्र असते. भिंत मागून ओली होत असेल तर त्या ओलीबरोबर क्षार फरशीत शिरतात, सुकताना झिलईखाली त्यांचे स्फटिक होतात आणि रंगासकट पापुद्रा सुटून येतो. कोकणात आणि मुंबईत ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते, तिच्यावर म्हणूनच हे काम लावू नये. आमच्याकडे गच्चीचा कठडा ही सर्वांची पहिली पसंती होती. मी ते स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीवर, जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत अशा जागी लावून घेतले. सांधे कमीत कमी रुंदीचे ठेवले आणि त्यांत शुभ्र पांढऱ्याऐवजी राखाडीकडे झुकणारा रंग भरायला लावला. गवंड्याने पांढराच बरा म्हणून बराच वेळ वाद घातला. शुभ्र रेघांनी समुद्राचे तुकडे झाले असते, हे त्याला एक फरशी दोन्ही प्रकारे मांडून दाखवल्यावर पटले.